दहावी चूल

माले गावात कुणाकडे नवी सून यायची झाली की सगुणाबाईला बोलावणं यायचं. चूल घालायला. खाचरातली चिकणमाती, भाताचं तूस, शेण असं सगळं ती पायानं तुडवायची, हातानं वळायची आणि बाजूला दुसऱ्या भांड्यासाठी वैल काढून द्यायची. "हिच्या चुलीला धूर न्हाई," बायका म्हणायच्या.

तिला स्वतःची चूल मात्र नव्हती. भरे गावात दिली, तिथं सासू कधी चुलीपुढून उठली नाही. नवरा तापानं गेला आणि थोरला भाऊ कुशाबा तिला माहेरी घेऊन आला. तेव्हापासून ती रंभावहिनीच्या हातचं जेवत होती. वहिनी मायेची होती. पण आज कालवण कशाचं करायचं, हे ठरवायचं सुख सगुणाबाईच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. परक्याची चूल सारवून झाली की ती तिच्यापुढे जराशी बसून राहायची. घरातल्या बायकांना वाटायचं, दमली असेल.

एकोणीसशे त्रेसष्ट साली गावात भातगिरणीची सहकारी संस्था काढायचं ठरलं. सभा झाली, कोंडाजीला मुख्य प्रवर्तक नेमलं. नाव ठरलं, पोटनियम लिहून झाले, बँकेत खातंही निघालं. अडलं ते सह्यांपाशी.

"नऊच झाले," कोंडाजी कुशाबाच्या ओसरीवर बसून म्हणाला. "वरल्या आळीचं कुनी सही करंना."

"मग माज्या थोरल्याला घे की."

"तुजा थोरला तुज्याच ताटात जेवतुया. नुसती धा मान्सं न्हाई चालत, कुशाबा. धा घरची धा पायजेत. कायदाच हाय तसा."

आतून रंभाबाई म्हणाली, "वन्संच्या नावावर मामंजींनी खाचर केलंय की, त्यांची सही घ्या."

कोंडाजी सरळ बसला. "पर त्या तुमच्यातच जेवत्यात. नोंदनीचं साहेब घरोघर फिरनार, चूल येगळी हाय का बघनार."

"त्यात काय," कुशाबा म्हणाला. "पडवीत एक चूल घाल, सगुणे. साहेब बघून गेला की मोडू."

सगुणाबाईनं अर्जावर अंगठा दिला आणि टोपली घेऊन माती आणायला गेली.

गावातली कुठलीही चूल ती एका दिवसात उभी करायची. या चुलीला दिवसांमागून दिवस लागले. पडवीच्या कोपऱ्यात बसून तिनं स्वतःच्या हाताचं माप घेतलं, तोंड उगवतीला ठेवलं, पुन्हा मोडून जरा कलतं केलं. कोंडाजी येऊन येऊन जायचा.

"चुलीचं लगीन हाय का, सगुणाबाई? पेटवा की."

"वली हाय. आत्ता पेटवली तर तडकंल."

"तडकू द्या. ऱ्हायचीय कुटं ती?"

सगुणाबाई ओल्या मातीवरून हात फिरवत राहिली.

साहेब सांगितल्या दिवसाच्या अगोदरच आले, पौडाहून सायकलवर. पहिली घरं बघून होईपर्यंत कोंडाजी धावत आला. त्यानं रंभाबाईच्या तव्याची काजळी खरवडली आणि नव्या चुलीला फासली.

साहेब पडवीत वाकले. "रोज इथंच करता?"

"व्हय," कुशाबा म्हणाला.

साहेबांनी चुलीवर बोट टेकलं. काजळी बोटाला आली, खाली ओली माती दिसली. "सगुणाबाई, तुम्ही सांगा."

कोंडाजी तिच्याकडे बघत होता. ती नाही म्हणाली तर गिरणी गेली, आणि गिरणी गेली की चूलही.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "काजळी वहिनीच्या तव्याची हाय. हितं अजून एक भाकर भाजली न्हाई."

कोंडाजीनं काजळीचे हात धोतराला पुसले.

"मग अंगठा कशाला दिलात?" साहेबांनी विचारलं.

"मला हितं रांधायचंय म्हनून." ती म्हणाली. "लई वर्सं झाली."

साहेबांनी रुमालानं बोट पुसलं, दप्तर बांधलं. "पुढल्या महिन्यात येईन. जेवणवेळेला येईन, आणि सांगून येणार नाही."

चूल वाळली. पहिल्या सांजेला सगुणाबाईनं हौसेनं वाटाण्याचं कालवण केलं. एकटीला पीठ किती घ्यायचं ते कळेना. भाकरी उरली. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे भाच्यांची भाताच्या खरडीवरून भांडणं चालली होती. रंभाबाई ओरडत होती. सगुणाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. रंभाबाईनं भिंतीवरून वाटी पुढे केली, तर कुशाबा म्हणाला, "देऊ नगंस. परवर्तकानं सांगितलंय, येगळं म्हंजी येगळं."

"परवर्तकाला म्हनावं, आवाज बी येगळा करून दे," पलीकडून रंभाबाई म्हणाली.

सगुणाबाई हसली. अर्धं ताट तिनं तसंच झाकून ठेवलं.

साहेब आले तेव्हा चुलीवर भात रटरटत होता. त्यांनी फक्त पाणी घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. भातकापणीच्या सुमारास नोंदणीचा दाखला आला. कोंडाजीनं तो घरोघर दाखवला, सगुणाबाईच्या पडवीतही.

त्या सांजेला कुशाबा दारात आला. हातात कुदळ होती.

"झालं काम, सगुणे. चल आता जेवायला. पोरं इचारत्यात."

तिला जायचं होतं. त्या गलक्यात, त्या एका ताटाच्या रेटारेटीत. तरी ती चुलीपुढून उठली नाही.

"कुदळ ऱ्हाऊ दे, दादा. दिवाळीला मला बोलाव."

"बोलाव म्हंजी? हितंच तर हायस. मदी एक भितच हाय."

"व्हय. तरी बोलाव. वहिनीला दारात यिऊन सांगू दे, वन्सं, उद्या आमच्यात जेवाया या."

कुशाबानं कुदळ भिंतीला टेकवली. भिंतीपलीकडून रंभाबाई म्हणाली, "आन् मला कोन बोलावनार? मी बी एवड्या वर्सांत दुसऱ्याच्या हातचं खाल्लं न्हाई."

सगुणाबाईनं पिठाच्या डब्यात हात घातला.

"या की, वहिनी," ती म्हणाली. "आत्ताच या."

रंभाबाई हात पुसत आली. पडवीत पाट एकच होता. सगुणाबाईनं तो तिच्याकडे सरकवला आणि विचारलं, "कशाचं कालवन करू?"