भिंतीला टेकवलेली खिडकी

माझे शुद्धलेखन चांगले नाही आणि अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी चालल्यासारखे आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे बिड्या वळायला बसले. पण एक माणूस मनातून जात नाही, म्हणून मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे.

सगळे लोक आधी भिंत फोडतात आणि मग खिडकी आणतात. आमच्या गल्लीतल्या अक्काने आधी खिडकी आणली आणि भिंत फोडायला चार वर्षे वाट बघितली. अशी बाई सोलापुरातच काय, सगळ्या पृथ्वीवर दुसरी नसेल. जुन्या सामानाच्या बाजारातून तिने ती लोखंडी खिडकी हातगाडीवर घालून आणली, तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली. हिरवा रंग, दोन दारे, वर एक काच तडकलेली. तिची खोली एकच, वर पत्रा, दाराला पडदा आणि उजेडाला एक बल्ब. खिडकी बसवायला पैसे नव्हते, म्हणून तिने ती आतल्या बाजूने भिंतीला टेकवून उभी केली. वरून फुलांचा पडदा लावला. दर शनिवारी ती काच पुसायची. उन्हाळ्यात फार उकडले की मला म्हणायची, "अगं, खिडकी उघड की जरा." मी उठून दोन्ही दारे उघडायची. आत भिंत. अक्का भिंतीकडे तोंड करून पदराने वारा घ्यायची आणि म्हणायची, "आता कसं बरं वाटतंय."

सुरुवातीला मला वाटायचे हिच्या डोक्यात काहीतरी आहे. मग कळले की हा तिचा हिशोब आहे. अक्का तेलुगू घरातली. आमच्या गल्लीत निम्मी घरे तेलुगू आहेत. ती शिव्या तेलुगूत द्यायची आणि हिशोब मराठीत करायची, त्यामुळे तिचा हिशोब आम्हाला कळायचा आणि शिव्या गोड लागायच्या. मुलीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर होते. तिचा नेम असा, की शनिवारी मजुरी मिळाली की पहिला हप्ता, मग पोट, मग घर. घरासाठी उरायचे ते शंभर, कधी पन्नास. ते नोटा म्हणून ठेवायचे नाहीत, लगेच वस्तू घ्यायची. "पैसा घरात ठिवला की पाहुणा येतो," ती म्हणायची, "वस्तू ठिवली की धूळ येती. धूळ पुसता येती, पाहुणा पुसता येत न्हाय."

अशा तिच्या घरात घराच्या आधीच घर जमत गेले. दाराला दार नव्हते पण बेल होती. पडद्याशेजारी खिळ्याला अडकवलेली, वायर नसलेली. गेल्यावर ती दाबायचीच, नाहीतर अक्का आत घेत नसे. बटण दाबले की अक्का आतून स्वतःच "टिंग टाँग" म्हणायची आणि मग "कोण हाय?" असे विचारायची. चकचकीत नळ होता, तो भिंतीत नुसता ठोकलेला. त्याला पाणी येत नसे, पण आमच्या खऱ्या नळालासुद्धा चार-चार दिवस पाणी येत नाही, म्हणून फारसा फरक पडत नव्हता. फरशीच्या दुकानातून उरलेले तुकडे दोन-दोन करून आणलेले, एकाचा रंग दुसऱ्याला नाही, ते सगळे कॉटखाली रचलेले. कुणी कॉटवर बसताना पाय आपटले की ओरडायची, "पाय जपून! खाली स्वयंपाकघर हाय!"

आणि सगळे मोजायचे बिड्यांत. रुपये तिला कळत, पण पटत नसत. चहा देताना म्हणायची, "पन्नास बिड्यांचा चहा हाय, सांडू नको." लग्नाची पत्रिका आली की आधी आहेराच्या बिड्या किती ते बघायची. तिच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, एकदा रिक्षाने घरी यायची चैन केली. त्या दिवशी तिने त्यांना दारातच धरले. "चालत आला असता तर पाय दुखले असते तुमचे. आता बोटं दुखतील माझी." ते बिचारे दुसऱ्या दिवशी स्टेशनपर्यंत उगाच चालून आले.

पण त्या खिडकीसाठी ती का झुरायची, ते तिने मला एकदाच सांगितले. दहा वर्षांची असल्यापासून ती मांडीवर बिडीच्या पाना-तंबाखूचे सूप घेऊन बल्बखाली बसली होती. "माझं सगळं आयुष्य ह्या सुपात बघण्यात गेलं," ती म्हणाली. "मान वर केली की भिंत. एकदा तरी मान वर करावी आणि कोणतरी जाताना दिसावं. शेळी दिसली तरी चालंल." मी माझ्या सुपातली पाने सारखी करत बसले. मला बोलता येत नाही, हा माझा जुना दोष.

त्या दोषानेच पुढचे सगळे झाले. अक्का धरून आम्ही दहा बायकांनी मिळून एका फायनान्सचे गटकर्ज घेतले होते. मी घेतले ते माझ्या मालकांच्या रिक्षाच्या दुरुस्तीला. दर मंगळवारी साहेब बॅग घेऊन यायचे, सतरंजीवर आम्ही बसायचो. एकीचा हप्ता राहिला तर बाकीच्यांनी भरायचा आणि तो भरल्याशिवाय कुणी उठायचे नाही, असा नियम. रिक्षा दुरुस्त होऊन महिना झाला आणि मालकांचा पाय मोडला. रिक्षा दारात, पाय प्लास्टरमध्ये. पहिल्या मंगळवारी सगळ्यांनी थोडे थोडे घालून माझा हप्ता भरला. दुसऱ्या मंगळवारी कुणी हात हलवेना. ऊन वर आले, भाकरी करायच्या राहिल्या, मुले शाळेतून परत यायची वेळ झाली. एक बाई म्हणाली, "तोंड हाय का न्हाय हिला? न्हाय तर न्हाय म्हणून तरी सांग की." मी मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसले. साहेब म्हणाले, "ताई, मला अजून तीन ठिकाणी जायचंय."

गवंड्याची मजुरी ही एकच गोष्ट अशी होती, की ती अक्काला वस्तू करून ठेवता आली नव्हती. गवंडी काही आधी आणून भिंतीला टेकवून ठेवता येत नाही. म्हणून तिने ते पैसे दोन वर्षे नोटांतच जमवले होते. त्या मंगळवारी ती उठली, घरी गेली आणि त्यातल्या नोटा घेऊन आली. मी कशीबशी म्हणाले, "अक्का, नको. तुझी खिडकी..." ती म्हणाली, "खिडकी कुटं पळून जाती काय? भिंतीला टेकूनच हाय की." असे दहा मंगळवार तिने माझा हप्ता भरला. नऊ हजार रुपये झाले. शेवटच्या मंगळवारी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चाळीस हजार बिड्या हायेत ह्या. धुरात घालवू नकोस."

माझे मालक रिक्षा चालवायला लागले तसे मी पहिले तीनशे रुपये घेऊन गेले. बेल दाबली, टिंग टाँग झाले. अक्काने नोटा बघितल्या आणि हात मागे घेतला. "रोकड नको. पाहुणा येईल. खिळे आण, बिजागऱ्या आण, वाळू आण." आता मी आयुष्यात कधी हार्डवेअरच्या दुकानात गेले नव्हते. तिथे नुसते पुरुष. मी दोनदा जाऊन, कोपऱ्यात उभी राहून, तशीच परत आले. अक्का चिडली. आधी तेलुगूत बोलली, मग मराठीत म्हणाली, "खिळे मागायला लाज कसली गं? बंदूक मागतीयास काय?" तिसऱ्या वेळी मी दुकानात गेले आणि एवढ्या मोठ्याने "पाव किलो खिळे!" म्हणाले, की दुकानदाराच्या हातातून माप पडले.

मग मला जोर चढला. पुढच्या महिन्यात पैसे जास्त साठले, तर मी अक्काला न विचारता अख्खे सिमेंटचे पोते आणून दिले. ती हरखली. पोत्याला हळदकुंकू लावले. पण गवंड्याचे पैसे अजून कुठे होते? पोते तसेच दाराशी पावसाळाभर राहिले आणि पत्र्यातून गळणारे पाणी पिऊन आतल्या आत दगड झाले. दिवाळीत आम्ही कागद फाडला तर आत पोत्याच्या आकाराचा धोंडा. मला रडू आले. चारशे रुपये गेले. ते फिटले धरायचे की नाही, हे विचारायला तोंड उघडेना. अक्काने धोंड्याभोवती एक फेरी मारली, पायाने दाबून बघितला, तिच्या मालकांना हाक मारली, आणि तिघांनी मिळून तो उंबऱ्याबाहेर सरकवला. त्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली. "पायरी दिलीस की," म्हणाली. "चारशे फिटले." पायरी अजून तिथेच आहे, एका कोपऱ्यावर पोत्याच्या शिवणीची खूण दिसते.

असे करत करत वाळू आली, विटा आल्या, दुसरे सिमेंट कामाच्या आदल्या दिवशी आले. थोडे मी घातले, थोडे अक्काने घातले आणि एका रविवारी गवंडी आला. त्याने पहिला घाव घातला तेव्हा अक्का कॉटवर बसून दोन्ही कानांवर हात ठेवून रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. भोक पडले तसा उजेडाचा एक तुकडा आत आला आणि बरोबर तिच्या सुपात पडला. संध्याकाळी खिडकी बसली. समोर काय होते? शेजाऱ्याची पाण्याची टाकी, आणि टाकी आणि भिंतीच्या मधून चार बोटे रस्ता. त्या चार बोटांतून एक सायकल गेली. अक्का म्हणाली, "गेलं की कोणतरी!"

दुसऱ्या दिवशी तिच्या रोजच्या निम्म्याच बिड्या झाल्या. सगळा दिवस बाहेर बघण्यात गेला. "लई महागात पडली बाई खिडकी," म्हणाली, पण तोंडावर असे काही होते, की मी तिच्याकडे बघतच राहिले.

दोन महिने ती त्या खिडकीत बसली. दोनच महिने. मग बोटे वळेनाशी झाली, तिच्या मालकांचे दम्याचे दुखणे वाढले आणि मुलगी येऊन दोघांना भिवंडीला घेऊन गेली. खोली भाड्याने दिली. भाडेकरूने खिडकीसमोर कपाट लावले आहे. माझे हप्ते वेळेवर गेले असते तर त्या दोन महिन्यांची दोन वर्षे झाली असती. हे मी कुणाला बोलले नाही, अक्कालाही नाही. दुपारी सूप मांडीवर घेतले की हेच डोक्यात फिरते. मान वर करून बघावे तर समोरून अक्का येताना दिसावी असे वाटते.

माझ्याकडे तिचे अजून अठराशे रुपये राहिले होते. मागच्या हिवाळ्यात ती पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला सोलापूरला आली. वाळली होती. "जिवंत हाय असं सांगायला इतक्या लांबून तिकीट काढून आले बघ," म्हणाली. माझ्या घरी बसली, चहा घेतला, किती बिड्यांचा ते बोलली नाही. मी नोटा तिच्यापुढे ठेवल्या. वाटले, म्हणेल रोकड नको, वाळू आण. पण तिने घेतल्या. अंगठा ओला करून तीनदा मोजल्या आणि कमरेच्या पिशवीत घातल्या. मला खूप बोलायचे होते. मी एवढेच विचारले, "बरोबर हायेत न्हवं, अक्का?"

"बरोबर हायेत," ती म्हणाली. "आता माझं तुझ्याकडं काही राहिलं न्हाय."