दोनशे तासांची केबल

"उद्या दहाला दातांचे डॉक्टर येतायत. अ‍ॅम्प्लिफायर जरा पुसून ठेव," नवरा म्हणाला आणि त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मास्तरीणबाईंच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच बसला.

"येतायत म्हणजे?"

"बघायला. म्हणजे, न्यायलाच. विकायचा शब्द दिलाय मी त्यांना."

"कुणाला विचारून?"

"अगं, अ‍ॅम्प्लिफायर आहे तो. मुलगी देत नाहीये मी त्यांच्या घरी."

"मुलगी दिली तेव्हा निदान मला आधी सांगितलं होतंत."

"वय झालंय त्याचं. आवाजात काही राहिलं नाही. आणि तुला काय फरक पडतो?" एवढं बोलून तो केस कापायला निघून गेला. दार लागलं. बाई टेबलाशी तशाच बसून राहिल्या. तुला काय फरक पडतो. हे चार शब्द त्यांनी मनातल्या मनात तीनदा उलटसुलट करून पाहिले. कुठूनही धरले तरी टोचतच होते.

मास्तरीण ही त्यांची कारखान्यातली पदवी. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या कटिंग मास्टर होत्या. लांबलचक टेबलावर कापडाचे ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने रेघ मारायची आणि विजेच्या कातरीने एका दमात कापायचं. तिथे चूक एकदा होत नाही, ऐंशीदा होते. म्हणून त्या खात्यात शिरल्या की गप्पा आपोआप बारीक व्हायच्या. घरात मात्र गप्पा, मिक्सर, वॉशिंग मशीन सगळं बारीक व्हायचं ते नवऱ्यासाठी. तो पाण्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या तपासायचा, आणि संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसला की त्याचा कानसेन व्हायचा. हे नाव त्याच्या मंडळाने ठेवलेलं. सात पुरुष, सातांच्या घरी असली यंत्रं, आणि महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमून डोळे मिटून बसायचं.

अ‍ॅम्प्लिफायर घरात येऊन अठरा वर्षं झाली होती. एकतीस किलोचं धूड. पुढे बोटभर जाडीची चंदेरी पट्टी, तिच्यावर दोन बटणं, दोन्ही अंगांना उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंख. चालू केलं की अकरा सेकंद काही नाही, मग पोटात कुठेतरी 'टक्' व्हायचं. "आला गं," आतल्या खोलीतून सासूबाई म्हणायच्या, जणू कुणी कामावरून घरी परतलंय.

त्याच्यापायी काय काय झालं नाही! बाईंनी हौसेने विणलेला रुमाल त्याच्यावर घातला, तो तिसऱ्या दिवशी "याला श्वास घेता येत नाही" म्हणून जमिनीवर आला. सोफा गेला, कारण तो आवाज खातो. टीव्ही झोपायच्या खोलीत गेला. आवाज भिंतीवर आपटतो म्हणून बाईंनी कारखान्यातल्या जाड नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, अकरा तक्ते शिवले आणि शिडीवर चढून स्वतः टांगले. लेकीने कानात बोळे घालून परीक्षा दिल्या. दर शनिवारी मऊ ब्रशने पंखांमधली धूळ कोण काढायचं? मागच्या तारांना मात्र हात लावायचा नाही, हा हुकूम. मागे फक्त कानसेन.

आणि एक काम पहिल्या आठवड्यापासून बाईंकडे. हे यंत्र म्हणे तापल्याशिवाय नीट गात नाही, अर्धा तास आधी लावून ठेवावं लागतं. नवरा सातला घरी यायचा. म्हणजे साडेसहाला बटण बाईंनी दाबायचं.

त्या अर्ध्या तासाचं काय व्हायचं, हे नवऱ्याने कधी विचारलं नाही. त्याच्या हिशेबी यंत्र गप्प बसून तापत असायचं. बाई त्याच्यावर रेडिओ लावायच्या. साडेसहाला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असे. कापडाच्या धुळीने चुरचुरणारे डोळे मिटून त्या बसायच्या, आणि गाणारी बाई दोन स्पीकरच्या बरोब्बर मध्ये येऊन उभी राहायची. हात लांब केला तर पदर लागेल इतकी जवळ. सासूबाईंनी अंथरूण धरलं ती चार वर्षं खोलीचं दार सताड उघडं ठेवून दोघींनी मिळून ऐकलं. सात वाजायला दोन मिनिटं असताना रेडिओ बंद. मग नवरा यायचा, पंखांवर तळवा ठेवायचा आणि म्हणायचा, "हां. तापलाय."

दोन महिन्यांपूर्वी स्पीकरची नवी केबल आली. पांढरी, अंगठ्याएवढी जाड, मखमली पिशवीत घालून. नवऱ्याने बॅटरी दातांत धरून, मांडणीमागे आडवं पडून ती जोडली. चष्मा लावला नाही. चष्मा लावून पालथं पडलं की तो घसरतो म्हणे.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला बाईंनी रेडिओ लावला आणि ताडकन उभ्याच राहिल्या. गाणारी बाई मध्ये नव्हतीच. तिचे तुकडे करून दोन कोपऱ्यांत ठेवल्यासारखं झालं होतं. ढोलाला पोट नव्हतं, नुसती कातडी वाजत होती.

"अहो, काहीतरी बिघडलंय," नवरा आल्या आल्या त्या म्हणाल्या. "बाई मध्ये उभी राहत नाही."

तो हसला. लहान मुलाला हसतात तसं. "केबल नवी आहे. दोनशे तास वाजल्याशिवाय ती उघडत नाही."

"नवी चप्पल आहे का, पायात घालून घालून सैल व्हायला?"

"तसंच समज."

दोनशे तास उलटले. दोनशे वीस झाले. ढोल तसाच उपाशी. मग मंडळ आलं, सातही जणांनी डोळे मिटले, आणि डोळे उघडून निकाल दिला: केबल निर्दोष आहे. उलट ती इतकी स्वच्छ आहे की तिने अ‍ॅम्प्लिफायरचं वय उघडं पाडलं. जुन्या केबलने इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं, एवढंच. चहाचा ट्रे घेऊन बाई दारात उभ्या होत्या. "पण केबल बदलली त्याच दिवसापासून—" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. "वहिनी, चहा फक्कड झालाय हं," मंडळातला एकजण म्हणाला.

आज शनिवार. आणि उद्या दहाला दातांचे डॉक्टर.

बाई उठल्या. पुसून ठेव म्हणालेत ना, मग सगळीकडून पुसते. त्यांनी मांडणी दोन्ही हातांनी धरून पुढे ओढली आणि मागे बसकण मारली. धूळ पुसता पुसता अंगठा केबलवरून फिरला. केबलच्या दोन तारा दिसायला अगदी सारख्या, पण एकीच्या अंगावर बारीक उभी कड होती. नजर चुकली असती, अंगठा चुकला नाही. कापडाची सुलट बाजू अंगठ्याने ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता.

डाव्या स्पीकरला कडेची तार यंत्राच्या लाल खुंटीतून निघून स्पीकरच्या लाल खुंटीत गेली होती. उजव्याला ती लालमधून निघाली होती आणि काळ्यात घुसली होती.

"दोन्ही बाह्या डाव्या!" बाई मोठ्याने म्हणाल्या.

लाल ते लाल, काळं ते काळं, हे तर अठरा वर्षं या खोलीत जपासारखं ऐकलेलं. त्यांनी यंत्र बंद असल्याची खात्री केली, उजव्या स्पीकरची दोन टोकं काढली आणि अदलाबदल करून घट्ट पिळली. बटण दाबलं. अकरा सेकंद. टक्.

त्यांनी रेडिओवर गाणं शोधलं. गाणारी बाई आली आणि आपल्या जागेवर उभी राहिली. ढोलाचा पहिला ठोका बाईंच्या पोटात बसला.

आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. असा की कानशिलं तापली. दोन महिने! पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं मी!

नवरा केस कापून आला तेव्हा यंत्र बंद होतं आणि बाई भाजी चिरत होत्या. आज लावायचं नाही, असं त्यानेच ठरवलं होतं. "उगाच मन खट्टू कशाला करायचं," तो म्हणाला. बाईंनी चिरलेली भाजी ताटलीत सरकवली. कारखान्यात एक रीत होती: कापड चुकीचं कापलं गेलं तर कापणाऱ्याच्या कानात कुजबुजायचं नाही. तुकडा टेबलावर पसरायचा, कापणारा आणि माल घेणारा दोघांच्या देखत.

रविवारी दहाला डॉक्टर आले. तिशीतला हसरा माणूस, मंडळाच्या ओळखीतला, बगलेत जाड ब्लँकेट, खांद्यावर ओझं उचलायचे दोन पट्टे. नवऱ्याने प्रामाणिकपणे आधीच सांगून टाकलं, "हे बघा डॉक्टर, खालचा आवाज आता उरलेला नाही. म्हातारपण. नंतर मला बोल लावू नका." आणि गाणं लावलं.

ढोल वाजला. डॉक्टर खुर्चीत मागे सरकले.

"सर, याला म्हातारा म्हणता तुम्ही?"

नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. तो उठला, गाणं थांबवलं, मांडणीमागे डोकावला, सरळ झाला. नव्याने कापलेल्या केसांखालचे कान लाल झाले होते.

"मागे हात कुणी घातला?"

"मी."

"तुला शंभरदा सांगितलंय—"

"आणि तुम्हाला मी पहिल्या संध्याकाळी सांगितलं होतं, बाई मध्ये उभी नाही म्हणून! उजवीकडे उलटी जोडलीत तुम्ही. लालची काळ्यात, काळ्याची लालात. शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या शिवल्यात, आणि वर म्हणे दोनशे तास घाला, बसेल अंगाला!"

डॉक्टरांना खोकल्याची उबळ आली. खोकला नव्हता तो. "सर... पोलॅरिटी उलटी?"

"शक्य नाही," कानसेन म्हणाले.

"शक्य नाही काय! या, दाखवते. चष्मा लावून या."

तो आला नाही. मग डॉक्टरांकडे वळून चढ्या आवाजात म्हणाला, "ते काही असो. शब्द म्हणजे शब्द. घेऊन जा तुम्ही. पसरा ते ब्लँकेट."

बाईंच्या लक्षात आलं. याला यंत्र नको झालेलं नाही, यंत्राने केलेली फजिती घरात नको झालीय. डॉक्टर वाकले, नवरा वाकला, आणि अठरा वर्षांत, अठरा कसली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बाईंच्या तोंडातलं 'अहो' गळून पडलं.

"ए! हात काढ."

नवऱ्याने खरंच हात काढला. डॉक्टरांनीही काढला.

"मला काय फरक पडतो म्हणालास ना? साडेसहा ते सात कोण ऐकतं हा?"

"ते... ते तर यंत्र तापत असतं."

"ते माझं ऐकणं असतं! तुला सातनंतरचा ठाऊक आहे. त्याआधीचा माझा आहे. तुझी आई चार वर्षं छताकडे बघत पडली होती, तिला कोण ऐकवत होतं? तू? तू आलास की दार लावून घ्यायचास, तिच्या खोकल्याने तुझा तंद्रीभंग होतो म्हणून. शेवटच्या महिन्यात ती कुणाचं नाव घेत नव्हती, पण गाणी ओळखत होती. याच्यावर. आणि तू दोनशे तास मोजत बसलास, पण मी काय म्हणाले ते दोन मिनिटं ऐकलं नाहीस. म्हणे कानसेन!"

नवरा आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होता. "आई ऐकायची?" तो म्हणाला.

"रोज."

डॉक्टरांनी ब्लँकेटची घडी घातली, ती बरोबर जमली नाही, पुन्हा घातली. "ताई, मी निघतो. सर, शब्दातून सुटलात तुम्ही. मीच सोडलं. आणि ती केबल उलटी होती हे मंडळात मी सांगणार नाही, काळजी नसावी."

"सांगा," बाई म्हणाल्या. "खुशाल सांगा."

डॉक्टर जिना उतरत होते तेवढ्यात फोन वाजला. मंडळातलेच कुणी. बाई समोर हाताची घडी घालून उभ्या.

"नाही, नाही गेला तो," नवरा फोनवर म्हणाला. "अरे, जरा जोडणीत घोळ होता. आलं लक्षात."

"कुणाच्या?" बाई म्हणाल्या.

त्याने फोनवर तळवा धरला. "नंतर सांगतो त्याला."

"आत्ता."

"...हिच्या लक्षात आलं. म्हणजे बायकोच्या. हो. पहिल्या दिवशीच. हो रे, ती सांगत होती तेव्हा आपण सगळे होतो तिथे." त्याने फोन ठेवला आणि तो खुर्चीत बसला.

"झालं?" तो म्हणाला. "राहिला ना तुझा अ‍ॅम्प्लिफायर? सांगितलंही सगळ्यांना. आता का चिडलीयस?"

"माझे दोन महिने कोण देणार?"

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी थांबलेलं गाणं पुन्हा लावलं, आवाजाचं बटण धरलं आणि या घरात आजवर कधी फिरलं नव्हतं इतकं फिरवलं. त्याचे ओठ हलत होते. ढोल वाजत होता. बाईंना काहीही ऐकू येत नव्हतं, आणि त्यांना ते ऐकायचंही नव्हतं.