सुमनकाकूंची दोन सीटची लाल गाडी

सुमनकाकू आज सकाळी गेल्या.

राजुरीत हायवेला माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, पिकअप, जीप, सगळं आयुष्य त्यातच गेलं. स्पोर्ट्स कार मात्र हाताखालून एकच गेली. काकूंची.

लाल. दोन सीटची. उघड्या टपाची.

काकूंच्या मिस्टरांनी, बापूंनी, हौसेनं मुंबईहून जुनी आणलेली. ९३ साली बापू अचानक गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली.

मग दर दसऱ्याच्या आधी काकूंचा निरोप. "दत्ता, गाडीचं बघून जा रे."

ऑइल बदलायचं. कार्बोरेटर साफ करायचा. बॅटरी चार्ज करून बसवायची. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी संसार मांडलेला असायचा, तो काढायचा.

शेजारच्या बेल्ह्यापर्यंत एक चक्कर मारली की गाडी परत लाकडी ठोकळ्यांवर. वर ताडपत्री. झालं वर्षाचं काम.

काकू दारात उभ्या राहून सगळं बघायच्या. गाडीत कधी बसल्या नाहीत.

मुलगा पुण्याहून आला की म्हणायचा, "आई, विकून टाक ना." त्या उठून ताडपत्री नीट करायला जायच्या.

२००३ ला ब्रेक पार जाम झालेले. पेट्रोलला घाण वास. मी वैतागलो.

"काकू, राग नका धरू. वर्षाला पंधरा किलोमीटर चालती ही. मी कितीबी सर्व्हिस केली तरी उभी राहून सडणार. चालवणारं माणूस बघा, न्हाईतर देऊन टाका."

काकूंनी पदरानं बॉनेटवरची धूळ पुसली.

मग म्हणाल्या, "ह्यांच्याबरोबर मी एकदाबी बसले न्हाई या गाडीत. उघड्या गाडीत सून बसलेली सासूबाईंना चालायची न्हाई. हे म्हणायचे, जाऊ नंतर. मीबी हो म्हणत राहिले."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"मला शिकव."

काकू तेव्हा सत्तावन्नच्या होत्या!

शाळेमागच्या मैदानात सुरुवात केली. क्लच सोडला की गाडी बंद. तिसऱ्या दिवशी तर थेट कडेच्या कडब्याच्या गंजीत. मला घाम फुटला आणि काकू हसून हसून बेजार.

"गाडीला काय झालं न्हाई ना? मग रिव्हर्स कसा टाकायचा ते सांग!"

लायसन्स काढायला गेलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, कुणाचं काढायचंय?"

"माझंच."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

मग एका रविवारी सकाळी आणे घाट. काकू स्टिअरिंगवर, मी शेजारी जीव मुठीत धरून. वळणावर पदर उडून तोंडावर आला. मी ओरडलो. त्यांनी एका हातानं पदर ओढून कमरेला खोचला, गिअर बदलला आणि गाडी वर काढली.

पठारावर पोचल्यावर कडेला थांबवली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडल्या.

मी उतरलो. बॉनेट उघडून उगाच इकडं तिकडं बघत बसलो.

थोड्या वेळानं आवाज आला. "दत्ता, हे लई हळू चालवायचे रे."

"तुमाला काय माहीत?"

"घरात बसून आवाज ऐकायचे की मी."

त्यानंतर दर रविवारी राजुरी ते आणे. पुढच्या सर्व्हिसला चाकं खोलली तर ब्रेक पॅड झिजलेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मेकॅनिक असून मला झिजलेल्या पॅडचा आनंद झाला.

त्याच महिन्यात मी घरी बायकोला विचारलं, "स्कूटर शिकतीस का?" तिनं कधी मागितलं नव्हतं. माझ्याच डोक्यात कधी आलं नव्हतं.

२००९ ला काकूंचे गुडघे गेले. क्लच दाबवेना. तेव्हा गिऱ्हाईक त्यांनी स्वतः शोधलं. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा मला म्हणाल्या, "पळती गाडी दिली, दत्ता. वाईट न्हाई वाटत."

मला मात्र वाटलं.

आज अंत्यविधीला जाताना स्कूटर बायकोनंच चालवली. मी मागं बसलो.

काकू, दत्ताचा शेवटचा नमस्कार.