पाहुण्यांची कपबशी

‘चांदणी’ हॉटेल सकाळी मिसळीला उघडायचं. दुपारी तिथं ताट मिळायचं आणि दिवेलागणीपासून खाली बार, वर फॅमिली. स्वयंपाकघर मात्र एकच. तिथं तानाबाई सुकं मटण, तळलेले बोंबील, मसाला शेंगदाणे छोट्या छोट्या ताटल्यांत भरून द्यायची. तिच्या हातच्या खर्ड्यासाठी लोक मुद्दाम यायचे. नवरा गेला त्या साली, म्हणजे त्र्याण्णवला, ती पेठ वडगावहून इथं कोल्हापुरात आली. माहेरी-सासरी सांगितलं होतं, मंगल कार्यालयात स्वयंपाकाला आहे. दहा वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

मग तिच्या मुलीला, अक्षताला, कबनूरचं स्थळ आलं. घरचे यंत्रमाग, एकुलता मुलगा. मुलगी पसंत पडली, बोलणी राहिली. तानाबाईची खोली एवढीशी, म्हणून ती म्हणाली, “बाहेरच कुठंतरी बसूया.”

मुलाचे वडील, आण्णा, लगेच म्हणाले, “मग चांदणीतच बसू की. कोल्हापुरात आलो की माझं जेवण तिथंच.”

“तिथं बार हाय न्हवं?”

“बार खाली. वर बायामाणसं असतात.”

आणखी नको म्हणावं, तर कारण सांगावं लागलं असतं. तिनं हॉटेलात अंगात ताप असल्याचा निरोप धाडला आणि रविवारी ठेवणीतली इरकल नेसून, अक्षताला घेऊन, गिऱ्हाइकांच्या जिन्यानं वर गेली. त्या जिन्यानं ती पहिल्यांदाच चढत होती.

पाणी घेऊन कृष्णात आला. वेटर, तिच्याआधीपासून इथं. सकाळचा चहा दोघं रोज एकत्र प्यायचे. त्यानं तिच्याकडं पाहिलं, इरकलीकडं पाहिलं, मुलाकडच्या माणसांकडं पाहिलं. ग्लास एकेक करून मांडले.

“बोला पावणं, काय आणू?”

तानाबाईचा जीव भांड्यात पडला. कृष्णातनं सगळे पदार्थ तिला म्हणून दाखवले. तीही नवखी असल्यासारखी ऐकत राहिली.

आण्णांनी खर्डा चाखला आणि भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. “आज हात बदललाय रं. रोजची बाई न्हाय वाटतं?”

“रजेवर हाय,” कृष्णात म्हणाला. “ताप आलाय तिला.”

“ताप कसला,” मुलाची आई म्हणाली. “दारुड्यांच्या ताटल्या भरणाऱ्या बाया. त्यांचं काय खरं असतंय? आमच्यात असल्या बाईला उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत. व्हय की न्हाय, विहीणबाई?”

विहीणबाई. म्हणजे ठरलंच होतं. कृष्णात कांद्याची ताटली हातात घेऊन तिथंच उभा होता. अक्षता मान खाली घालून बसली होती.

“व्हय की,” तानाबाई म्हणाली. एवढ्यानं भागलं असतं. पण ती पुढं म्हणाली, “बाईमाणसानं उपाशी ऱ्हावं, पर असल्या ठिकाणी राबू नये.”

कृष्णातनं ताटली ठेवली आणि तो खाली गेला. नंतर भाकऱ्या दुसऱ्याच वेटरनं आणल्या. बिल आण्णांनी दिलं, साखरपुड्याची तारीख धरली.

दुसऱ्या दिवशी तानाबाई मागच्या दारानं कामावर गेली. स्वयंपाकघरातली तिची जोडीदारीण धोंडूबाई कणीक मळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“ताप उतरला का?”

“उतरला.”

“बरं झालं. काल तुझ्या वाटचा खर्डा मीच केला.”

कृष्णातनं चहा गाळला. स्वतःला आणि धोंडूबाईला रोजच्या स्टीलच्या पेल्यांत. तानाबाईपुढं त्यानं कपबशी ठेवली, वरच्या मजल्यावरची, निळ्या फुलांची.

“माझ्या पेल्यात दे की रं.”

“असू दे की,” कृष्णात म्हणाला. आवाजात राग नव्हता. “पावण्यांना पेल्यात कसा द्यायचा?”

तिनं चहा प्यायला. कपबशी स्वतः विसळली, पदरानं पुसली आणि हातात धरून उभी राहिली. फळीवर तिचा पेला पालथा होता, रोजच्या जागी. तो उचलून आणखी घोटभर चहा मागावा, असं तिला फार वाटलं. पण हात पुढं होईना.