विहिरीतलं तळं

हातात दगड आला की काका तो आधी जिभेला लावायचे. मग डोळे मिटून, तोंडातली माती थुंकायचीही घाई न करता, "ओल हाये" किंवा "कोरडा हाये" असा निकाल द्यायचे. शेलूबाजारच्या हायवेच्या कडेला भरदिवसा दगड चाटणारा वयस्कर माणूस पाहून जीपमधले लोक माना वळवायचे. आम्हाला सवय होती. तुमच्याही गावात असा एखादा असेलच. त्याच्याकडे बघून पाहुणे हसतात आणि आपण उगाच त्याची बाजू घेतो.

आमच्या शाळेच्या मागे त्यांची भाजीची वाडी होती. सांबार, मेथी, वांगी. सांबार म्हणजे कोथिंबीर, बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि खिडकीतून वाडी दिसते, त्यामुळे माझं निम्मं लक्ष कायम वाफ्यांकडे असायचं. काकांना कशाचीच घाई नव्हती. म्हैस सुटली, चष्मा हरवला, लाइट गेली, काहीही झालं तरी त्यांचं एकच, "जाईन कुठी? येते." आणि खरं सांगतो, म्हैस यायची.

पाणी मात्र यायचं नाही. होळी आली की त्यांची विहीर तळ दाखवायची. ती खोल केली नाही तर वाडी मोडावी लागणार होती, आणि वाडी मोडली तर हा माणूस सकाळी उठून काय करणार, हे त्यांना स्वतःलाही सुचत नव्हतं. शेवटी क्रेनवाले आले, सुरुंग लागले, आणि बरेच दिवस वर्गाच्या खिडक्या हादरत राहिल्या.

एके दिवशी मधल्या सुट्टीत काका खांद्यावरच्या दुपट्ट्यात काहीतरी बांधून शाळेत आले. काळा दगड संपून खाली राखाडी, पांढरट थर लागला होता. दुपट्ट्यात त्याच थराचे तुकडे होते आणि त्यांत बोराच्या बीएवढ्या गोगलगाई.

"सर, पाण्याबिगर गोगलगाय राह्यते का?"

"ही जात नाही राहत."

"मंग झालं तं. पाणी हाये."

मी एक तुकडा उन्हात धरला. गोगलगाय आतबाहेर दगडाची झाली होती. मी म्हणालो, "काका, ह्या आत्ताच्या नाहीत. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीच्या आहेत. तेव्हा इथं जमीन फाटून तापलेला रस वाहायचा. तो निवला की आपला हा काळा दगड व्हायचा. मग पुढचा रस येईपर्यंत खूप काळ सगळं शांत. त्या शांततेत इथं तळं साचलं, काठावर ताडासारखी झाडं वाढली, तळ्यात ह्या आल्या. मेल्या, गाळात बसल्या, वरून आणखी गाळ बसला. दगडातून झिरपणारं पाणी त्यांच्यात मुरत गेलं, लोणच्याच्या फोडीत मीठ मुरतं तसं. शंख विरघळला, त्याच्या जागी दगड भरला, आकार तेवढा राहिला. आणि पुन्हा रस आला नि सगळ्यावर झाकण बसलं."

दुसऱ्या कोणी विचारलं असतं, किती जुनं, किंमत काय येईल. काकांनी तुकडा जिभेला लावला आणि विचारलं, "पाणी गोडं होतं का खारं?"

मी म्हणालो, "गोडं. ह्या गोड्या पाण्यातल्याच गोगलगाई आहेत. त्यांच्यावरूनच ते कळतं."

त्यांचा चेहरा असा खुलला की काही विचारू नका. ते पाणी केव्हाच गेलं, हे मी तीन-तीनदा सांगितलं. "जाईन कुठी?" म्हणत त्यांनी दुपट्टा बांधला.

क्रेनवाले म्हणाले, खाली पुन्हा काळाच दगड आहे, दुसऱ्या टोकाला बोअर घ्या. काका ऐकेनात. त्यांनी खाली जायचंच थांबवलं आणि गोगलगाईंच्या थराच्या मागे मागे विहीर आडवी खणायला लावली. त्यांचा हिशोब सरळ होता. "आपण काठावर हावो, सर. काठाले पाणी कमीच राह्यते. मधात जाऊ."

एका नाहीशा झालेल्या तळ्याची मधली जागा त्यांनी अख्खा उन्हाळा शोधली. शंख निघत राहिले, पाण्याचा थेंब नाही. वांगी वाळली. मेथीच्या वाफ्यांत शेळ्या बसू लागल्या. मला त्यांचा राग यायचा, आणि राग आला की मी शाळेतून सरळ तिकडेच जायचो.

अशाच एका दुपारी लोखंडी पायऱ्या उतरून मी खाली गेलो. आत गारवा होता. काका त्या पांढऱ्या थराला पाठ टेकून बसले होते. मी भांडायला गेलो होतो, पण शेजारी बसलो.

"सर, इथं बेडकं असतीन?"

"असतील."

"वरडत असतीन रात्री."

"असतील की."

"आयकाले कोणीच नव्हतं," ते हळूच म्हणाले. त्यांना त्याचं खरोखर वाईट वाटत होतं. तेवढ्यात वरून काकूंची हाक आली, "या आता वर, चहा निवून राह्यला. तुमचं तळं काही पळून नाही जात." काकू कधी विहिरीत उतरल्या नाहीत. उंचीला भ्यायच्या. त्यांचं सगळं बोलणं काठावरून.

पावसाळ्यात तळाशी गाळ साचला. शेवटच्या पावसाचं पाणी चार दिवस टिकलं नि आटलं. काका त्या ओल्या गाळात अनवाणी फिरून आले, पायाला कुठून थंड लागतं ते बघायला. थंडीत त्यांना ताप भरला. वाशिमला नेलं, तिथून ते घरी आले नाहीत. मला फार वाईट वाटलं. अजून खिडकीकडे तोंड करून शिकवत नाही.

पुढे काकूंनी विहीर बुजवायचं ठरवलं. कोरड्या विहिरीत कुणाचं जनावर पडलं तर काय घ्या. जेसीबी आला त्या दिवशी मीही गेलो. दुपारचं ऊन थेट तळापर्यंत पोचलं होतं. गाळ वाळून कडक झाला होता आणि त्यात काकांची पावलं जशीच्या तशी होती, भिंतीपर्यंत जाऊन परत फिरलेली.

काकू किती तरी वेळ वाकून बघत होत्या.

"सर, असे पाय राह्यते का? त्या गोगलगाईवानी?"

माझ्याच्यानं खोटं बोलवलं नसतं, पण बोलावं लागलं नाही. "राहतात कधी कधी. मोडायच्या आत वरून बारीक माती हळूच बसली, तर."

जेसीबीवाल्यानं दगडांनी भरलेलं बकेट उचललं होतं. काकूंनी त्याला हात केला. "दगड मंग टाक, भाऊ." मग सांबारच्या जुन्या वाफ्यातली भुसभुशीत माती घमेल्यात भरली आणि मला म्हणाल्या, "दोरानं खाली सोडा." पदर खोचून, पायरीवर पाय ठेवून त्या उतरू लागल्या. वर जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं, मी घमेल्याचा दोर सोडत राहिलो.

त्या खाली पोचल्या. उकिडव्या बसल्या. वाफ्यात सांबारचं बी टाकून झाकतात, तशी एकेका पावलावर दोन्ही हातांनी माती पसरू लागल्या.