निष्काळजीपणा कोणाचा?

देवाशपथ सांगतो, मी नास्तिक नाही. पण खंडेनवमी आलीच नाही तर बरं, असं मला दरवर्षी वाटतं. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत फिरून ऑफिसांचे कॉम्प्युटर, प्रिंटर, अंगठ्याची मशीन दुरुस्त करायचं हा माझा धंदा. नोकरी एका लहानशा कंपनीत, तीही कंत्राटावर. लोक वर्षभर या मशीनला शिव्या घालतात, बाजूनं थपडा मारतात, आणि खंडेनवमीला त्याचीच पूजा मांडतात. पूजेला माझी ना नाही, पण पाणी शिंपडायची काय गरज आहे? दसऱ्याची सुट्टी संपली की माझा फोन वाजायला लागतो तो थांबतच नाही.

काय काय बघितलंय म्हणून सांगू! धर्माबादला एका आडत दुकानात प्रिंटर कागद ओढेना. उलटा केला तर आतून मूठभर अक्षता पडल्या. मी म्हटलं, "शेठ, लग्न लावलं का काय याचं?" शेठनी शांतपणे सांगितलं, "पूजा गुरुजींनी केली, मी न्हाई." लातूरला एका क्लासमध्ये तर कहरच. तिथल्या बाईंनी हजेरीच्या मशीनवर, जिथं अंगठा टेकवायचा बरोब्बर त्या काचेवर, कुंकवाचं बोट ओढलं होतं. मशीनला एकाही पोराचा अंगठा ओळखू येईना. मग मशीननं अख्खा क्लास गैरहजर मांडला आणि घरोघर मेसेज धाडून दिले. जवळच्या मुरुडहून एक वडील मोटरसायकल ताणत आले. लेक समोर वर्गात बसलेली दिसत होती, तरी तिलाच दटावून विचारतात, "मग मेसेज कामून आला?" मशीनची चूक असू शकते हे त्यांना पटवायला मला अर्धा तास लागला.

दरवर्षी मी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर विनंती पाठवतो की बाबांनो, फुलं वाहा, आरती करा, नैवेद्य मला द्या, पण मशीनवर पाणी न् कुंकू टाकू नका. त्यावर सगळे हात जोडल्याचं चित्र पाठवतात आणि करायचं तेच करतात.

त्या वर्षीही तसंच चाललं होतं. मी लातूरला एका दवाखान्यातल्या कीबोर्डमधून हळद झटकत होतो, तेवढ्यात लोह्याकडच्या एका गावातून फोन आला. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवणाऱ्या ताई होत्या. गावाचे दाखले, अर्ज, उतारे, सगळं त्याच काढून देतात. आवाज पार बसलेला.

"भाऊ, सकाळपासून बटन दाबून राहिले, मशीन चालूच होईना. लाईटबी लागंना."

मी सकाळपासून सहावा फोन घेत होतो. डोकं फिरलेलं होतं. "पूजा केली होती का?"

"हाव. खंडेनवमीला."

"पाणी?"

"थोडं... फुलानं शिंपडलं होतं."

"मग अजून दोन तांबे घालायचे होते, चांगली आंघोळ झाली असती!" मी ओरडलो. "उद्या येतो." आणि फोन ठेवून दिला. दवाखान्यातले लोक हसले, मलाही आपण फार टोचून बोललो याचा आनंदच झाला. आज आठवलं की माझीच मला चीड येते.

दुसऱ्या दिवशी शनिवारी गेलो. पंचायतीचं ऑफिस म्हणजे एक खोली, पत्र्याचं छत, टेबलावर कॉम्प्युटर. सीपीयूच्या डब्याला झेंडूचा हार तसाच घातलेला, सुकलेला. ताई खुर्चीत नव्हत्या, भिंतीला टेकून उभ्या होत्या. डोळे सुजलेले. मी बॅग ठेवली तशा त्या म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा, माझ्याच हातानं गेलं का हे?"

"बघू दे तर आधी," मी म्हटलं. "एवढं काय झालं?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर. करार संपत आला होता. पुढचा मिळायचा तर ग्रामसेवकांनी 'काम समाधानकारक' असं लिहून द्यावं लागतं आणि तो कागद सोमवारी तालुक्याला जाणार होता. ग्रामसेवकांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते काल आले, बंद मशीन बघितलं, हार बघितला आणि म्हणाले, तुमच्या हातून सरकारी मशीन जळलं असेल तर मी समाधानकारक कसं लिहू? इंजिनिअर काय लिहून देतो ते बघू. ताईंचे मालक पाठीच्या दुखण्यानं दोन वर्षं घरी बसून होते. घर या नोकरीवर चाललेलं. कालपासून बाईंच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

आता ते लिहून द्यायचं प्रकरण सांगतो. आमच्या साहेबांनी एक सर्व्हिस रिपोर्ट छापून घेतलाय. त्यात बिघाड काय, कारण काय, हे असतंच. पण शेवटी साहेबांच्या डोक्यातून निघालेला एक प्रश्न आहे: 'निष्काळजीपणा कोणाचा?' पुढं दोन चौकोन. एक ग्राहक, दुसरा इंजिनिअर. तिसरा चौकोनच नाही. इतक्या वर्षांत मी दुसऱ्या चौकोनाला पेन लावलेला नव्हता, आमच्यातल्या कुणीच नाही. वर साहेबांनी मला उन्हाळ्यातच दम भरला होता. लातूरच्या एका ऑफिसचा सगळा डेटा मी बॅकअप न घेता उडवला होता, तेव्हा ते म्हणाले होते, पुन्हा एक चूक दिसली की घरी बसायचं.

मी हार काढला, स्क्रू खोलले, डबा उघडला. आत टॉर्च मारला आणि चकितच झालो. आत कोरडं ठक्क! पाण्याचा डाग नाही, कुंकवाचा कण नाही. बाईनं खरंच फुलानं चार थेंब वरच्या वर शिंपडले होते, तेही केव्हाच वाळून गेलेले. पण जळकट वास मात्र येत होता. वास घेत घेत पॉवर सप्लायपर्यंत गेलो. वीज ज्याच्यातून सगळीकडं जाते तो हा डब्यातला डबा. तो खोलला तर आत एक पाल, करपून चिकटलेली.

"अरे बाप्पा! ताई, पाणी नाही हो! पाल शिरली, पाल!"

त्यांनी हात जोडले ते मला की पालीला कोण जाणे. "आई गं... म्हंजी माझं न्हाई ना?"

"तुमचं काही नाही."

मी खुशीत होतो. नवा पॉवर सप्लाय बॅगेत होताच. तो बसवता बसवता सहज मनात आलं, एवढ्या बंद डब्यात पाल शिरली कुठून? डबा फिरवला. मागच्या बाजूला एक पट्टी नव्हती. बोटभर रुंद, वीतभर लांब फट उघडी पडली होती.

ती पट्टी मीच काढली होती. चार महिन्यांपूर्वी याच डब्यातलं एक जुनं कार्ड काढायला आलो होतो. पट्टी शर्टाच्या खिशात टाकली, गप्पा मारल्या, चहा पिला, निघून गेलो. घरी बायकोनं शर्ट धुताना ती काढून खिडकीत ठेवली. मी रोज ती बघायचो आणि रोज म्हणायचो, त्या बाजूला गेलो की बसवून येऊ.

अजून एक गोष्ट दिसली. फटीच्या कडेला पुठ्ठ्याचा एक तुकडा लोंबत होता. मापात कापलेला, वरून चिकटपट्टी. पत्र्याच्या उकाड्यानं चिकटपट्टी सुटली होती.

"हे कुणी लावलं?"

"मीच," ताई म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर दिसली फट. म्हटलं धूळ जाईल. पुठ्ठा लावला."

"म्हणजे ती मी उघडी ठेवली हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी मान डोलावली.

"मग काल भाऊसाहेबांना का नाही सांगितलं? सांगायचं ना, इंजिनिअर मागून उघडं ठेवून गेला! मी काल फोनवर इतकं वाकडं बोललो, तेव्हा तरी बोलायचं!"

"काय सांगायचं भाऊ?" त्या हळूच म्हणाल्या. "तुमचंबी कंत्राटच हाय न्हवं का? मागल्या टायमाला तुम्हीच म्हणला होता, साहेब लई कडक हाय म्हणून. माझं जाईल का राहील ठावं न्हाई, मग तुमचं कशाला घालवू?"

स्वतःची नोकरी जायची वेळ आली, कालपासून उपाशी राहिली, आणि ज्या माणसानं फोनवर टोमणे मारले त्याचं नाव तिनं घेतलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला रुमाल शोधला तर तो हळदीनं माखलेला निघाला, मग शर्टाच्या बाहीनंच पुसलं.

रिपोर्ट काढला. व्होल्टेज कमीजास्त झालं असं लिहायची आमच्यात पद्धत आहे, पण व्होल्टेज सांभाळणारा तिथला यूपीएस भाऊसाहेबांनी स्वतः निवडून आणलेला, ते उसळले असते. नुसती पाल लिहिली तरी पालीसाठी चौकोन नाही. ग्राहक नाही तर इंजिनिअर, एवढंच होतं. आणि ग्राहक म्हणजे या ताई. मी लिहिलं, 'इंजिनिअरने मागील पट्टी न बसवल्याने पाल आत गेली', आणि दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली.

ताई वाकून वाचत होत्या. "भाऊ, येडे झाले का? असं नका लिहू!"

"आता पेनानं लिहिलंय," मी म्हटलं. "मशीन चालू करा, बघा."

मशीन चालू झालं. भाऊसाहेब आले, रिपोर्ट दोनदा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि एक प्रत फायलीला लावली. सोमवारी दुपारी ताईंचा फोन आला. "भाऊ, झालं! समाधानकारक लिहिलं! कागद तालुक्याला गेला!" पोरीसारख्या ओरडत होत्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, "आन् तुमचं?"

माझं काय! साहेबांनी दोन दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. मला स्क्रू काढायला सांगा, खुलासा लिहायला सांगू नका. 'माननीय साहेब' एवढं लिहून मी सकाळपासून बसलो होतो. तसं सांगितलं तर ताई म्हणाल्या, "हात्तिच्या! मी रोज गावाचे धा अर्ज लिहिते. उद्या या इकडं."

गेलो. त्या खुर्चीत बसल्या, मी बाजूला स्टुलावर. बाहेर ओट्यावर दोन म्हातारे दाखल्यासाठी थांबलेले. ताईंची बोटं अशी चालायला लागली की मी बघतच राहिलो. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...' हे सगळं त्यांना तोंडपाठ. मध्ये मला विचारायचं नाही, काही नाही. शेवटच्या ओळीवर आल्या आणि टाइप केलं: 'सदर इंजिनिअरने आपली चूक लपवली असती तर ती कोणासही कळली नसती.'

"ताई, हे खोटं आहे," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत होती की."

त्यांनी स्क्रीनवरून नजरसुद्धा हलवली नाही. "मला माहीत होती. पण मी कुणाला सांगितलं नसतं. मग कळली नसतीच की!"

मी सही केली. त्यांनी कागद स्कॅन करून तिथूनच साहेबांना मेल केला. चहा येईपर्यंत साहेबांचा फोन आला. पाच मिनिटं ते बोलत होते आणि मी "हो साहेब, हो साहेब" करत होतो. ताईंनी बोटांची नखं तोंडात घातली होती. म्हातारेही ओट्यावरून आत डोकावून बघत होते.

मी फोन खिशात ठेवला.

"काय म्हणले?"

"लई ओरडले."

"आन्?"

"उद्या मुखेडला जा म्हणाले. तिथलं स्कॅनर बंद पडलंय."

ताईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या का रडत होत्या, मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही. मग पदर खाली घेतला, दाराकडं वळल्या आणि म्हणाल्या, "या बाबा, कोणता दाखला पायजे तुम्हाला?"