ठिबकसुंदरीची माया

पडदेवाल्या काकूंचं घर कुणालाही विचारा, बोट दाखवून सांगतील: ते मोठं अंगण, त्या अंगणाच्या कडेची खालची खोली, खिडकीतून मशीनचा आवाज येतो ना, तीच. काकू लोकांच्या घरांना पडदे शिवतात. नुसते शिवून देत नाहीत, घरी जाऊन टांगून देतात, दोन पावलं मागे सरकून मान तिरकी करून बघतात आणि एखादी चुणी वाकडी दिसली की घरच्या माणसांनी 'राहू दे हो' म्हटलं तरी पुन्हा उतरवतात.

काका बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाले आणि काकूंच्या पाठी लागले. म्हणजे भांडायला नाही हो, सोबतीला. मशीनशेजारी स्टूल ओढायचे आणि बसायचे. काकूंनी कोपरा शिवायला घेतला की हे म्हणायचे, "अगं, वळणावर हळू." सरळ शिवण लागली की, "आता रस्ता मोकळा आहे, सोड की जरा." धागा तुटला की, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" काकूंनी ते सहन केलं. पण पुढे पुढे ते बोलायचेही बंद झाले. नुसते स्टुलावर बसून सुईचं वरखाली बघत राहायचे. ते मात्र काकूंना सहन होईना.

मग कुठल्याशा डॉक्टरांनी आपली जुनी डिझेलची मोटार विकायला काढली आणि काकांनी ती घरी आणली. रंग उडालेला, एक आरसा दोरीने बांधलेला, आवाज असा की पिठाची गिरणी फिरायला निघाली आहे. पण काका पुन्हा माणसात आले! पडद्यांची गाठोडी मागच्या सीटवर, काकू पुढे, आणि हे स्टेअरिंगवर गाणं म्हणत. गिऱ्हाइकाच्या घरी शिडी धरायची, चहा प्यायचा, त्यांच्या सासूबाईंशी गुडघेदुखीवर बोलायचं. दिवस कसा भरून जायचा.

एकच खोड होती. मोटार गळायची. उभी केली की खाली डिझेलचा थेंब, थेंबाचा डाग, डागाचं तळं. गल्लीतल्या पोरींनी तिचं नाव ठेवलं ठिबकसुंदरी. काका डागावर वाळू टाकायचे आणि पाय फिरवून म्हणायचे, "वय झालं तिचं. होतं असं."

घरमालकीण वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांनी हौसेनं सगळ्या अंगणाला पांढऱ्याशुभ्र फरश्या बसवून घेतल्या, आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी मधोमध एक काळा डाग. मालकीणबाई जिन्यावरूनच ओरडल्या नाहीत. खाली आल्या, डागाशी वाकल्या, वास घेतला आणि शांतपणे बोलल्या. शांतपणे बोलल्या म्हणजे काय ते काकूंना कळलं.

"मी बहिणीकडे चालले आहे. रविवारी येईन. आल्यावर एक थेंब जरी दिसला तरी गाडी माझ्या अंगणाबाहेर."

"बाहेर कुठे लावू हो?" काका म्हणाले. "रस्त्यावर लावली तर उचलून नेतात."

"मग भंगारवाल्याला द्या. तो घरी येऊन उचलून नेईल."

त्या गेल्या, आणि काका आत येऊन स्टुलावर बसले.

काकूंनी स्टुलाकडे पाहिलं. गाडी गेली तर पडदे हातगाडीवरूनही पोचवता येतील, त्याचं काही नाही. पण हा माणूस पुन्हा त्या स्टुलाला चिकटला तर? त्यांनी कात्री ठेवली.

"अहो, उठा. बॉनेट उघडा."

"मी चालवणारा माणूस आहे. उघडणारा नाही. आमच्याकडे उघडायला वेगळा माणूस असायचा."

"मग मी उघडते. कुठून उघडतं ते तरी सांगा."

काकांचा भाचा दूरच्या गावी गॅरेजमध्ये कामाला. काकूंनी त्याला फोन लावला. तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, "मामी, थेंब पडतो तिथे बघू नका. डिझेल लबाड असतं. गळतं वर एका ठिकाणी, अंगाखांद्यावरून ओघळत जातं आणि पडतं भलतीकडेच. आधी इंजीन थंड होऊ द्या, सगळं धुऊनपुसून लख्ख कोरडं करा. मग वरून पावडर भुरभुरा आणि गाडी चालू करून बघा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होईल तिथे चोर."

"कसली पावडर?"

"अंगाला लावायची. कुठलीही."

काकांची घामोळ्यांची पावडर होती, गुलाबाच्या वासाची. काकूंनी आधी इंजीन चिंध्यांनी पुसलं. पुसलं म्हणजे काय, पाहुणे यायच्या आधी घर पुसावं तसं, कानाकोपऱ्यांत बोट घालून. मग केस घट्ट बांधले, बाह्या वर सारल्या आणि पावडर शिंपडली. इंजीन असं दिसायला लागलं की आता याला नवे कपडे घालून फोटो काढायला न्यायचं आहे.

"करा चालू!"

काकांनी किल्ली फिरवली. इंजीनपुढचा पंखा फिरला आणि निम्मी पावडर उडून, काय झालं बघायला खिडकीबाहेर मान काढलेल्या काकांच्या तोंडावर.

"अगं, चोर सापडला का?"

"सापडला. स्टेअरिंगवर बसलाय, पांढरं तोंड घेऊन!"

पण उरलेल्या पावडरीवर काकूंचं लक्ष होतं. इंजीनच्या डोक्यावर एका ओळीत जाडजूड खिळ्यांसारखे, आत डिझेल फवारणारे इंजेक्टर उभे होते आणि एकाकडून दुसऱ्याकडे करंगळीपेक्षाही बारीक पाइप गेलेले, वरून कापडाची वीण असलेले. इंजेक्टरांनी पिऊन उरलेलं डिझेल त्यातून परत जायचं. त्यातल्या मधल्या पाइपाखाली पावडर हळूच करडी झाली. मग पिवळी. मग एक बारीक ओघळ खाली निघाला.

गाडी बंद करून काकूंनी तो पाइप चिमटीत धरला. कापडाचं काम, त्यांना काय सांगायचं! "विरलंय हो," त्या म्हणाल्या. "पार जाळी झाली आहे. रफू करू का?"

भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मामी, देवाशपथ रफू करू नका. सगळेच तुकडे नवे घाला. एक विरला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे."

दुसऱ्या दिवशी काकू स्पेअर पार्टच्या दुकानात गेल्या. जुना तुकडा दाखवला, नवा पाइप ओढूनताणून पाहिला, आडवातिडवा वाकवून पाहिला. दुकानदार म्हणाला, "बाई, अंगावर लावून बघता का?" काकू म्हणाल्या, "रंग दुसरा नाही का?" आणि काळाच घेऊन आल्या.

आता इथे गंमत झाली. शिवणकाम करणारी बाई कापड कधी नेमकं कापत नाही. शिवणीच्या आत दोन बोटं जादा सोडते. त्या जादा कापडाला माया म्हणतात. पोर वाढलं, अंग सुटलं की शिवण उसवायची आणि माया कामाला येते. काकूंनी जन्मभर माया सोडली. काकांचे शर्ट असे की त्यांनी निवृत्तीनंतर पोट वाढवलं तरी एकही टाकावा लागला नाही. तेव्हा पाइप कापायला बसल्यावर हात आपोआप सवयीच्याच जागी गेला. प्रत्येक तुकड्याला दोन्हीकडे माया.

पाइप बसवले. सगळे उंटाच्या पाठीसारखे वर आले, एकमेकांना ढुशा द्यायला लागले. काकूंना ते भरल्या अंगाचं, छानच वाटलं.

"करा चालू!"

काकांनी चालू केली. एक कुबड हळूच कलंडलं, पाइप दुमडला, डिझेलला परत जायला वाट मिळेना, आणि शेजारचा तुकडा फट्कन निसटून डिझेलची चिळकांडी थेट बॉनेटवर. आधी थेंब थेंब होतं, आता कारंजं झालं.

काकांनी पटकन बंद केली. खाली उतरले. फरशीवर काकूंनी अंथरलेल्या पोत्याकडे बघितलं. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "राहू दे," एवढंच म्हणाले. "खूप केलंस. भंगारवाल्याचा माणूस चौकात बसतो, मी बोलून येतो." आणि चपला शोधायला लागले. चपला समोरच होत्या, तरी शोधत होते.

काकूंनी त्या चपला उचलल्या आणि सरळ पाण्याच्या बादलीत बुडवल्या.

"अगं!"

"ओल्या आहेत. वाळेपर्यंत कुठे जायचं नाही. फोन द्या इकडे."

भाच्यानं सगळं ऐकून घेतलं. फोटो मागितला. फोटो बघितल्यावर तिकडून नुसतं खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मग कळलं की तो हसतोय आणि त्याच्या गॅरेजमधले सगळे हसतायत.

"मामी, पाइप केवढा कापलात?"

"जुन्याएवढा. आणि माया."

"माया? मामी, हे काय वाढत्या अंगाचं पोर आहे का? उद्या इंजीनचं पोट सुटणार आहे? पाइपाला माया नको! या टोकापासून त्या टोकापर्यंत, नेमका. टोकावर घट्ट बसला पाहिजे, वर उठता कामा नये."

"आणि कमी पडला तर?"

"पडला तर पडला. नवा कापा."

त्या एका वाक्यानं काकूंना घाम फुटला. कात्री हातात घेऊन त्या बसल्या. जुना तुकडा नव्या पाइपावर ठेवला, खडूने खूण केली, कात्री खुणेवर आणली. आणि कात्री आपली सरकून दोन बोटं पुढे.

काका बघत होते. "अगं, मागे घे."

"घेतली."

"अजून मागे."

"बोलू नका मध्ये!"

"मी बस रिव्हर्स लावायचो ना, तेव्हा कंडक्टर मागून सांगायचा. त्याशिवाय जमायचं नाही. मागे घे, मागे, अजून, बस्स. आता काप."

काकूंनी डोळे मिटून कापलं. आजवर त्यांनी एकही कापड डोळे मिटून कापलं नव्हतं.

टोकं डिझेलमध्ये बुडवून ओली केली म्हणजे पाइप सरकतात, हे भाच्यानं सांगितलं होतं. काकू अंगठ्याने दाबायच्या, काका पलीकडून टॉर्च धरायचे आणि "बसला, बसला, थांब" म्हणायचे. सगळे तुकडे ताठ, आखूड, शाळेत रांगेत उभे केल्यासारखे. काकूंना ते फार कंजूष दिसले. त्यांनी खाली कोरडं पोतं अंथरलं, वर उरलेली पावडर भुरभुरली. चालू केली. पंखा फिरला, इंजीन खडखडलं, आणि पाइपांवर काही नाही. थोडा वेळ गेला. काही नाही. काका खाली वाकले, पोत्यावर हात फिरवला, हात नाकाशी नेला. "गुलाबाचा वास येतोय," म्हणाले. आणि मग स्टेअरिंगवर जाऊन उगाचच हॉर्न वाजवला.

रविवारी मालकीणबाई आल्या. पिशवी वर नेण्याआधी गाडीपाशी गेल्या. वर्तमानपत्राचं एक पान गाडीखाली सारलं. "चालू करा," म्हणाल्या, आणि स्वतः खुर्ची मागवून तिथेच बसल्या. गाडी खडखडतेय, मालकीणबाई कागदाकडे बघतायत, काकू मालकीणबाईंकडे, काका कुणाकडेच नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी कागद ओढला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला.

"बरं," म्हणाल्या. "राहू दे. पण धुराचं नळकांडं माझ्या खिडकीकडे नको. तोंड फिरवून लावा. आणि आता बंद करा, बहिरी व्हायची वेळ आली."

काका आत आले ते शीळ घालतच.

सोमवारी सकाळी एका घरी पडदे टांगायचे होते. आजवर असं व्हायचं की काका आधी जाऊन किल्ली फिरवायचे, गाडी बराच वेळ नुसतीच कण्हायची, कारण त्या विरलेल्या पाइपातून आत हवा शिरायची. तेवढ्यात काकूंचं कुलूप लावून, गाठोडी बांधून, शेजारणीशी दोन शब्द बोलून व्हायचं. आज काकू कुलूप लावत होत्या तोच गाडी पहिल्या झटक्यात चालू. काका असे हरखले, असे हरखले, की फाटकातून निघालेच. काकू दोन्ही काखांत गाठोडी घेऊन धावत अंगणात येईपर्यंत ठिबकसुंदरी कोपऱ्यावरून वळली होती.

वरची खिडकी उघडली. "काय हो," मालकीणबाई म्हणाल्या, "गाडी गळायची थांबली आणि तुम्हालाच गाळलं की त्यांनी!"

"जाऊ देत," काकू म्हणाल्या आणि गाठोडी पांढऱ्या फरशीवर ठेवून त्यांवरच बसल्या. "ज्या घरी चाललेत तिथे दार उघडल्यावर पडदे मागतील. तेव्हा येईल आठवण. तोवर चहा टाकता का?"